मत पडण्याआधीची निवडणूक

नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ती बातमी कौतुकाने दिली. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले होते, त्यांना तर ओळखीतलाच कुणी निवडून आल्यासारखे वाटले असेल. मिशिगन राज्यातला डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेला तेरावा मतदारसंघ आणि सुमारे ७१ टक्के मते. आकडा दणदणीत होता. पण खरे पाहता ही जागा नोव्हेंबरात जिंकली गेलीच नव्हती. ती तीन महिने आधी, २ ऑगस्टलाच जिंकली गेली होती.

त्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवण्यासाठी मतदारांनीच करायचे मतदान. आपल्याकडे जे काम पक्षश्रेष्ठी तिकीटवाटपाच्या रात्री करतात, ते तिथे सरकारी खर्चाने, सरकारी मतदान केंद्रांवर होते. डेट्रॉइटचा मतदार पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट आहे. तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकणारा नोव्हेंबरात निवडून येणार, हे सर्वांना ठाऊक होते. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते पडली, म्हणजे सुमारे २२ हजार. मतदारसंघाची लोकसंख्या आहे पावणेआठ लाखांच्या आसपास.

प्रचारात पैसा दोन्ही बाजूंनी ओतला गेला. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्यासाठी इस्रायलसमर्थक ‘एपॅक’ या दबावगटाशी संलग्न असलेल्या एका संस्थेने ४० लाख डॉलरहून अधिक खर्च केला. ही संस्था मिशिगनची नव्हती, आणि तो पैसा हॉलियर यांच्या प्रचारखात्यातूनही गेला नव्हता. निकाल असा लागला की, १९५५ पासून ज्या शहराचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी सतत काँग्रेसमध्ये होता, त्या बहुसंख्य कृष्णवर्णीय शहराला २०२३ पासून एकही उरला नाही. शर्यतीतल्या कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये मते वाटली गेली, हे त्याचे सरळ कारण.

यात कुणी काही बेकायदा केले, असे अजिबात नाही. मतमोजणी चोख झाली. ठाणेदार नियमाने निवडून आले आणि दोन वर्षांनी मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. या लेखाचा विषय नेमका हाच आहे. निवडणूक सदोष आहे असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पळवलेल्या मतपेट्या आणि बोगस मतदान येते. अमेरिकेतले दोष बहुतांशी त्या जातीचे नाहीत. ते कायद्यात बसणारे आहेत, न्यायालयांनी तपासून मान्य केलेले आहेत, आणि मतदार केंद्रावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी आपले काम उरकून मोकळे झालेले असतात. पैसा, पक्ष, नकाशा आणि मोजणी या क्रमाने ते पाहू.

पैसा : देणगी आणि खर्च

अमेरिकी राजकारणात पैसा काही आज आलेला नाही. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम मॅकिन्ली यांच्या प्रचाराची सूत्रे मार्क हॅना या ओहायोच्या उद्योगपतीकडे होती. त्यांनी बँकांना त्यांच्या भांडवलाच्या पाव टक्का इतकी वर्गणी लावून दिली. सुमारे ३५ लाख डॉलर जमले. प्रतिस्पर्धी ब्रायन यांच्याकडे याच्या आसपासही रक्कम नव्हती. त्यावर ओरड होत राहिली आणि १९०७ मध्ये ‘टिलमन कायद्या’ने कंपन्यांनी उमेदवारांना देणग्या देण्यास बंदी घातली. ती बंदी आजही कागदावर कायम आहे.

खरा कठोर कायदा आला तो वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ मध्ये. एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत हजार डॉलरपेक्षा जास्त देऊ नयेत, उमेदवारानेही ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करू नये, आणि या सर्वांवर देखरेखीसाठी संघीय निवडणूक आयोग असावा, अशी ती रचना होती. दोन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने ती मधोमध चिरली. ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ या १९७६ च्या निकालात न्यायालयाने देणगी आणि खर्च या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. देणगीच्या मोबदल्यात काम करून घेतले जाण्याचा धोका असतो, म्हणून देणगीवर मर्यादा चालेल. पण आपले मत लोकांपर्यंत पोहोचवायला पैसा लागतोच, तेव्हा खर्चावर मर्यादा घालणे म्हणजे बोलण्यावर मर्यादा घालणे. त्यामुळे उमेदवाराने स्वतःचा पैसा किती ओतावा आणि तिसऱ्याच कुणी स्वतंत्रपणे प्रचारावर किती उधळावा, याला बांध राहिला नाही.

त्यानंतरच्या अर्धशतकाचा इतिहास हा या एका फटीतून पाणी कसे वाढत गेले त्याचा आहे. देणगीवर मर्यादा आहे ना, मग उमेदवाराला न देता पक्षाला ‘पक्षबांधणीसाठी’ द्या, अशी युक्ती निघाली. २००२ मध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅट रसेल फाइनगोल्ड या दोन सिनेटरांनी मिळून ती वाट बुजवली. आठ वर्षांत दुसरी, अधिक रुंद वाट उघडली. ‘सिटिझन्स युनायटेड’ नावाच्या संस्थेने हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा एक चित्रपट काढला होता. निवडणुकीच्या तोंडावर तो दाखवता येईल का, एवढ्याच मुद्द्यावर खटला सुरू झाला. २१ जानेवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जो निकाल दिला, तो मात्र चित्रपटापुरता राहिला नाही. कंपन्या आणि कामगार संघटना यांना आपल्या तिजोरीतून प्रचारावर अमर्याद खर्च करता येईल, अट एवढीच की तो उमेदवाराशी संगनमत करून केलेला नसावा. लागलीच त्या वर्षीच्या मार्चमध्ये एका कनिष्ठ संघीय न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. जी संस्था केवळ असा ‘स्वतंत्र’ खर्च करते, तिला मिळणाऱ्या देणग्यांवरही मर्यादा नको, असा तो निकाल होता. ‘सुपर पॅक’ जन्माला आले ते इथे. डेट्रॉइटमध्ये हॉलियर यांच्यासाठी खर्च करणारी संस्था हे त्याचेच एक रूप.

या निकालातली एक बाब फारशी सांगितली जात नाही. त्याच खटल्यात नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी असेही म्हटले होते की, पैसा कुणाचा आहे हे उघड करण्याची सक्ती योग्यच आहे. लोकांना देणगीदार ठाऊक असेल, तर ते बोलण्याची किंमत ठरवतील, असा त्यामागचा विचार होता. व्यवहारात मात्र ‘समाजकल्याण’ या सदराखाली नोंदलेल्या संस्थांना आपले देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत. अशी संस्था सुपर पॅकला पैसे देते, सुपर पॅक नियमाप्रमाणे त्या संस्थेचे नाव जाहीर करते, आणि मूळ दाता अंधारात राहतो. हे बंद करणारे विधेयक २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये चर्चा पुढे नेण्यासाठी लागणारी ६० मते जमली नाहीत. ते अवघ्या एका मताने अडले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द करताना मतदाराच्या माहितीच्या हक्काचाच आधार घेतला होता, हे इथे आठवावे.

एकच पक्ष पैशाच्या बाजूने आणि दुसरा विरोधात, अशी सोयीस्कर वाटणी करता येत नाही. डेमोक्रॅट नेते सिटिझन्स युनायटेड निकालावर टीका करतात, पण २०२० मध्ये देणगीदार न सांगणाऱ्या पैशाचा अधिक लाभ त्यांच्याच पक्षाला झाला. वॉटरगेटनंतर अध्यक्षीय उमेदवारांसाठी सरकारी निधीची व्यवस्था होती. मुख्य निवडणुकीसाठी ती नाकारणारे पहिले मोठे उमेदवार २००८ मधले बराक ओबामा होते, कारण तो निधी घेतला की खर्चावर मर्यादा येत होती. दुसरीकडे, २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. पुढे त्याच अध्यक्षांच्या कारकिर्दीत त्यांच्याकडे सरकारी खाती छाटण्याचे काम आले.

पण पैशाने निवडणूक विकत मिळते का? सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचे सुमारे १०० कोटी डॉलर घातले आणि जिंकला तो फक्त अमेरिकन सामोआ हा बेटांचा प्रदेश. स्वतः ठाणेदारांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी सुमारे एक कोटी डॉलर खर्चले होते. प्रायमरीत ते तिसरे आले. पैसा विजय देत नाही, तो रांगेत उभे राहण्याची परवानगी देतो. शाळेतली शिक्षिका, कारखान्यातला कामगार, लहान गावातला वकील यांना ती परवानगी मिळवण्यासाठी आधी कुणाची तरी मर्जी सांभाळावी लागते. निवडून आलेले प्रतिनिधी कामाच्या दिवसांतही तासन् तास देणगीदारांना फोन करत बसतात, ही तक्रार दोन्ही पक्षांचे सभासद उघडपणे करतात. ज्याच्याशी रोज बोलावे लागते, त्याचे प्रश्न आपोआप महत्त्वाचे वाटू लागतात. यासाठी कुणाला लाच द्यावी लागत नाही.

आणि देखरेख करणारा आयोग? त्याचे सहा सदस्य, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि निर्णयाला चार मते हवीत. निष्पक्षतेसाठी केलेली ही रचना पक्षांमधली तेढ वाढल्यावर कोंडीची रचना झाली. मे २०२५ मध्ये तर आयोगात गणपूर्तीपुरतेही सदस्य उरले नव्हते.

पक्ष : सरमिसळीकडून फाळणीकडे

ही तेढ नेहमीच इतकी होती असे नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. बाजूने मत देणाऱ्यांत ४६ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते. विरोधातल्या २७ पैकी २१ डेमोक्रॅट होते, बहुतेक सर्व दक्षिणेतल्या राज्यांचे. त्या काळी दोन्ही पक्ष म्हणजे सरमिसळ होती. डेमोक्रॅटांत उत्तरेचे उदारमतवादी होते आणि दक्षिणेचे वर्णभेदवादीही. रिपब्लिकनांत न्यूयॉर्कचे मवाळ होते आणि पश्चिमेचे कडवेही. कोणताही कायदा करायचा तर पक्षाची भिंत ओलांडूनच मते जमवावी लागत.

नागरी हक्कांच्या प्रश्नावर ही सरमिसळ विरू लागली. दक्षिणेतला गोरा मतदार दोन-तीन दशकांत रिपब्लिकन पक्षाकडे गेला. कृष्णवर्णीय आणि महानगरी मतदार डेमोक्रॅटांकडे एकवटला. १९९४ मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले, तेव्हा तडजोड ही कमजोरी मानणारे राजकारण रूढ झाले. धर्म, वर्ण, शिक्षण, शहर आणि खेडे या सर्व रेषा आता एकाच रेषेवर येऊन बसल्या आहेत. शेजारी कोणत्या पक्षाचा, हे त्याचा पत्ता आणि पदवी पाहून बऱ्यापैकी सांगता येते.

अशा फाळणीत प्रायमरीचे स्वरूपच पालटते. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी प्रायमरी आणली ती पक्षांतल्या दलालांच्या हातून उमेदवारी काढून लोकांच्या हाती देण्यासाठी. हेतू चांगला होता. पण सुरक्षित मतदारसंघात प्रायमरी हीच खरी निवडणूक ठरते, आणि मध्यावधीच्या वर्षांत तिला साधारण पाचातला एखादाच मतदार जातो. जो जातो तो सहसा पक्षाचा कडवा पाठीराखा असतो. प्रतिनिधीला त्यामुळे विरोधी पक्षापेक्षा आपल्याच पक्षातल्या अधिक कडव्या प्रतिस्पर्ध्याची धास्ती असते. त्याने एखाद्या विधेयकावर समोरच्या बाकाशी हातमिळवणी केली, तर त्याला धडा शिकवायला बाहेरून एखादा सुपर पॅक सहज उतरतो, कारण २०-२५ हजार मतांची प्रायमरी फिरवणे हे मोठी निवडणूक फिरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पैसा आणि फाळणी एकमेकांना अशी धार लावतात.

नकाशा : प्रतिनिधी मतदार निवडतात

मतदारसंघ सुरक्षित होतात कसे? काही अंशी आपोआप. डेमोक्रॅट शहरांत दाटीने राहतात. पण बाकीचे काम पेन्सिलीने होते, आणि हल्ली संगणकाने.

प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर राज्यांत वाटल्या जातात. आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळ करते, म्हणजे तिथला बहुमतातला पक्ष. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीचा एक नकाशा मंजूर केला. त्यातल्या एका वेड्यावाकड्या मतदारसंघाला पंख आणि नख्या काढून बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याचा सॅलमँडर हा उभयचर प्राणी केला, आणि गेरींच्या नावाशी जोडून ‘जेरीमँडर’ हा शब्द बनवला. तो टिकला.

यातली करामत कळायला साधे गणित पुरते. समजा १०० मतदार आहेत, ६० ‘अ’ पक्षाचे आणि ४० ‘ब’ पक्षाचे. प्रत्येकी २० मतदारांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. ‘अ’च्या हाती नकाशा असेल तर तो प्रत्येक मतदारसंघात १२ विरुद्ध ८ असे मतदार ठेवील आणि पाचही जागा जिंकील. ‘ब’च्या हाती असेल तर तो ‘अ’चे ३३ मतदार दोनच मतदारसंघांत कोंबील. उरलेल्या तीन मतदारसंघांत ‘अ’चे प्रत्येकी ९ आणि ‘ब’चे प्रत्येकी ११ येतील. ४० टक्के मतांत पाचापैकी तीन जागा! एकाही मतदाराने आपले मत बदललेले नाही. कोंबणे आणि विखुरणे, या दोनच क्रियांवर हा सारा खेळ चालतो.

२०१० नंतर हे काम शास्त्रशुद्ध झाले. त्या वर्षीची जनगणना लक्षात घेऊन रिपब्लिकनांनी ‘रेडमॅप’ नावाची मोहीम आखली. सुमारे तीन कोटी डॉलर त्यांनी वॉशिंग्टनवर नव्हे, तर राज्य विधिमंडळांच्या दुर्लक्षित जागांवर लावले. विधिमंडळे हाती आली आणि त्यांच्याबरोबर नकाशेही. अमेरिकी राजकारणातली ही बहुधा सर्वांत स्वस्त खरेदी असेल. २०१२ मध्ये देशभरात प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅटांना दहा लाखांहून अधिक मते जास्त पडली. जागा मात्र रिपब्लिकनांना २३४ आणि त्यांना २०१. पेनसिल्व्हेनियात मते अधिक मिळूनही डेमोक्रॅटांच्या वाट्याला १८ पैकी पाचच जागा आल्या. मेरीलँडमध्ये हाच डाव डेमोक्रॅटांनी खेळला आणि आठपैकी सात जागा आपल्याकडे ठेवल्या. संधी मिळाली की हात कुणीच आखडता घेतला नाही.

अशा नकाशांना आळा घालायची संधी सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये ‘रूशो’ खटल्यात मिळाली. उत्तर कॅरोलिनाचा रिपब्लिकन नकाशा आणि मेरीलँडचा डेमोक्रॅटिक नकाशा, दोन्ही एकत्र समोर होते. उत्तर कॅरोलिनाच्या नकाशाकारांनी तर दहा विरुद्ध तीन अशी वाटणी आपण मुद्दाम करत आहोत हे सभागृहातच सांगितले होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, असे नकाशे लोकशाहीला शोभणारे नाहीत, पण हा राजकीय प्रश्न आहे. तो सोडवणे संघीय न्यायालयांचे काम नव्हे, राज्यांनी आणि काँग्रेसने पाहावे. म्हणजे ज्यांनी नकाशा वाकवला, त्यांनीच तो सरळ करावा.

मोजणी : ५३७ मते

उरला तो मतदानाचा दिवस. अमेरिकेत देशभरच्या निवडणुका चालवणारा, आपल्या निवडणूक आयोगासारखा एकच आयोग नाही. राज्ये आणि त्यांतल्या तीन हजारांहून अधिक काउंटी आपापल्या पद्धतीने मतदान घेतात. अनेक ठिकाणी निवडणूक अधिकारी स्वतःच एखाद्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे २००० सालचे फ्लोरिडा. सुमारे ६० लाख मतांत जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यात अखेर ५३७ मतांचे अंतर राहिले, आणि त्यावर अमेरिकेचा अध्यक्ष ठरला. पाम बीच काउंटीत वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत म्हणून मतपत्रिका दोन पानांवर पसरली होती, भोके मधल्या पट्टीत होती. कित्येकांनी गोरसाठी म्हणून चुकीचे भोक पाडले. पॅट ब्यूकॅनन या कडव्या उजव्या उमेदवाराला तिथे ३,४०७ मते पडली. ती कुठून आली याचे आश्चर्य त्यांनी स्वतःच व्यक्त केले. १९ हजारांहून अधिक मतपत्रिका दोन भोके पडल्याने बाद झाल्या. मतपत्रिका ज्या अधिकाऱ्याने आखली ती डेमोक्रॅटच होती. कट नव्हता, चुकलेली आखणी होती. दुसरीकडे, निकाल प्रमाणित करण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या कॅथरीन हॅरिस बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहप्रमुख होत्या, आणि राज्याचे गव्हर्नर उमेदवाराचे सख्खे भाऊ. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली. देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळवलेले गोर हरले. त्यांनी निकाल मान्य केला.

मते जास्त मिळूनही हरणे हे राज्यनिहाय ५३८ निर्वाचकांच्या पद्धतीमुळे शक्य होते. वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे सुमारे एक लाख ९० हजार लोक आहेत, कॅलिफोर्नियात सव्वासात लाखांहून अधिक. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या बाबतीत हेच झाले. त्यांची आघाडी २८ लाखांहून मोठी होती.

मतदानाच्या हक्काचेही असेच. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने वर्णभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट निष्प्रभ केली. उत्तर कॅरोलिनाने त्याच वर्षी ओळखपत्राची सक्ती आणून आणि आगाऊ मतदानाचे दिवस कमी करून जो कायदा केला, तो कृष्णवर्णीय मतदारांना नेमके हेरून केलेला होता, असा निष्कर्ष काढून संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये तो रद्द केला.

चोरीचा गलबला

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. वर सांगितलेले दोष खरे आहेत, कागदोपत्री सिद्ध आहेत. पण अमेरिकी जनतेच्या मनातली ‘सदोष निवडणूक’ वेगळीच आहे. २०२० च्या पराभवानंतर डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या पाठीराख्यांनी बोगस मतदान, मृतांची मते, फिरवलेली यंत्रे असे आरोप करत साठाहून अधिक दावे लावले. जवळजवळ सर्व फेटाळले गेले. न्यायाधीशांत ट्रम्प यांनीच नेमलेलेही होते. जॉर्जियात मते हाताने पुन्हा मोजली, निकाल तोच राहिला. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने संसद भवनावर हल्ला केला.

ज्या निवडणुकीची मोजणी इतकी तपासली गेली, तीच चोरली गेली असे लाखो लोक मानतात, आणि ज्या नकाशामुळे त्यांचे मत आधीच निरर्थक झाले आहे त्याबद्दल फारसे कुणी रस्त्यावर येत नाही. चोरीला चोर लागतो, त्याचा राग धरता येतो. नकाशाला आणि देणगीच्या नियमांना चेहरा नसतो. शिवाय चोरीच्या गलबल्यात दोष दुरुस्त करायचा विषयच मागे पडतो. अपवाद एकच, २०२२ च्या अखेरीस दोन्ही पक्षांनी मिळून निर्वाचकांच्या मतमोजणीचा कायदा अधिक स्पष्ट केला.

दुरुस्ती आणि तिची किंमत

मिशिगनकडे परत येऊ. २०१६ च्या निवडणुकीनंतर तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर विचारले, मतदारसंघांचे हे नकाशे बदलायला कुणी माझ्याबरोबर येईल का? राजकारणाचा अनुभव नसलेल्या स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी राज्यघटनेतली दुरुस्ती मंजूर केली. नकाशा काढायला १३ सामान्य नागरिकांचा आयोग आला. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले, आणि निवड सोडत काढून. नव्या नकाशावर २०२२ मध्ये झालेल्या निवडणुकीत विधिमंडळाच्या जागा मतांच्या बऱ्याच जवळ आल्या.

हाही उपाय निर्दोष निघाला नाही. विधिमंडळाच्या मतदारसंघांसाठी आयोगाने डेट्रॉइटचे तुकडे करून ते उपनगरांशी जोडले होते. कृष्णवर्णीय मतदार त्यामुळे विखुरले. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने, मतदारसंघ आखताना वर्णालाच प्राधान्य दिले या कारणावरून, त्यांपैकी १३ मतदारसंघ रद्द केले आणि ते पुन्हा काढावे लागले. चांगल्या हेतूनेही एखाद्या समाजाचा आवाज क्षीण होऊ शकतो. पण फरक असा की आयोगाच्या बैठका उघड झाल्या होत्या, चूक कुठे झाली हे दाखवता आले, आणि ती दुरुस्त करता आली. अलास्का आणि मेन या राज्यांनी उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची पद्धत आणली आहे, जिच्यात नऊ जणांत मते वाटून २८ टक्क्यांत निकाल लागत नाही. पण २०२४ मध्ये तशीच पद्धत कोलोरॅडो, नेवाडा, आयडाहो आणि ओरेगनच्या मतदारांनी नाकारली.

आणि २०२५ ची कसोटी तर आणखी अवघड होती. जनगणनेला अजून पाच वर्षे असताना, अध्यक्ष ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सासने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नकाशा केला. रिपब्लिकनांना पाच जागा अधिक मिळाव्यात, हा हेतू लपवलेला नव्हता. तो अडवण्यासाठी डेमोक्रॅट आमदार गणपूर्ती मोडून राज्याबाहेर निघून गेले. दोन आठवड्यांनी परतले. नकाशा संमत झाला. त्यापाठोपाठ मिझुरीनेही नकाशा बदलला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने, जिथे २००८ पासूनच्या सुधारणांनी नकाशाचे काम नागरिकांच्या आयोगाकडे गेले होते, तो आयोग काही वर्षांपुरता बाजूला ठेवून डेमोक्रॅटांच्या सोयीचा नकाशा आणण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे मांडला. दिवाळी संपून दोन आठवडे होतात न होतात तोच, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्यावर मतदान झाले.

त्या मतदारापुढचा पेच सोपा नव्हता. त्याने आपला चांगला नियम जपला, तर दुसऱ्या राज्यातला वाकडा नियम त्याच्यावरही राज्य करील, कारण प्रतिनिधिगृह एकच आहे. त्याने तो सोडला, तर ज्या गोष्टीविरुद्ध तो दशकभर अभिमानाने उभा होता, तीच तो स्वतःच्या हाताने करील. एका राज्याने प्रामाणिक राहून भागत नाही, नियम सर्वांना सारखा हवा. तो करू शकते ती काँग्रेस. तसे विधेयक प्रतिनिधिगृहात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये संमतही झाले होते, सिनेटमध्ये ते अडले. आणि काँग्रेसमध्ये बसलेले बहुतेक जण याच नकाशांतून, याच प्रायमरींतून आणि याच पैशातून आलेले आहेत.

मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघात २०२६ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा प्रायमरी होईल. नोव्हेंबरचा निकाल सांगायला ज्योतिषी लागणार नाही. त्या मतदारसंघात आपले कुणी नातेवाईक असतील आणि ते आवर्जून नोव्हेंबरातच मत द्यायला जात असतील, तर त्यांना एवढे जरूर सांगावे की ऑगस्टात जा.